कोरं नाव टोचतं

आमच्या गल्लीतले गुरुजी सिस्टरबाईंना लांबून पाहिलं की हात उपरण्याखाली घेत. प्रसाद घ्यायला त्या पुढे झाल्या की आधी देणाऱ्याची बोटं बघत. "गुरुजी, नखं," एवढंच म्हणत आणि पेढा न घेता तिथंच उभ्या राहत. मागे रांग खोळंबायची. एकदा एक गुरुजी चिडले. "सिस्टरबाई, देवाच्या दारात तरी नको हो!"

"जंतूंना दार कळत नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींची नखं कापलेली होती आणि पेढा सिस्टरबाईंच्या तोंडात होता.

पंचवटीत मी त्यांची भाडेकरू होते. खाली त्या, वर मी आणि माझा नवरा. जन्मभर त्यांनी सरकारी दवाखान्यांतून बाळंतपणं केली. आधी पेठकडच्या डोंगरात, मग शहरात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हात कोपरापर्यंत धुवायच्या, घरातला चमचान् चमचा उकळायच्या आणि पांढरंच पातळ नेसायच्या. नव्या माणसांना त्या विधवा वाटत. कुणी तसं बोललंच तर त्या खुलासा करत, "लग्न केलं नाही, तर विधवा कशी होईन? उकळत्या पाण्यात टाकता येतं म्हणून पांढरं नेसते."

खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, मांसाहार करता का विचारलं नाही. नाशकात घर शोधणाऱ्याला हे दोन प्रश्न न विचारणारं माणूस भेटलं, तर त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. मी ठेवलं नसतं, कारण मी कुणाच्याच पायावर ठेवत नाही. त्यांनी विचारलं, "नाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"अर्थ कळला. आता कारण सांग."

"कसलं कारण?"

"नावाचं. कुणी ठेवलं? का?"

मग सांगावं लागलं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील सातपूरला कारखान्यात होते आणि कारखान्याबाहेरचा त्यांचा सगळा वेळ युनियनचा होता. आमच्या घरात देवघराच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असायचे. 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवरून मी अक्षरं शिकले. (भगिनींना त्या पत्रकांत यायला पुष्कळ उशीर झाला.) मी जन्मले तेव्हा वडील दवाखान्याच्या पायरीवर बसून संपाच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. मथळ्यातला पहिला शब्द त्यांनी मला दिला.

सिस्टरबाई हसल्या. "म्हणजे बाप पायरीपर्यंत तरी आला होता. चांगलं आहे." मग नवऱ्याकडे वळल्या. "तुझं?"

"आत्यानं ठेवलं," तो म्हणाला.

"का?"

"ते नाही माहीत."

"विचार मग. फोन आहे ना?"

नवऱ्यानं तिथंच उभ्या उभ्या विंचूरला आत्याला फोन लावला. पलीकडून आधी "काय झालं रे?" असं घाबरून विचारणं झालं, मग आत्या म्हणाली, "आमच्या वर्गात होता त्या नावाचा एक पोरगा. लय हुशार होता." आणि लाजून तिनं फोन ठेवून दिला.

"कारण आहे," सिस्टरबाई समाधानानं म्हणाल्या. "सामान कधी आणताय?"

हे त्यांचं वेड होतं. अर्थ कुणीही सांगतं, कारण ज्याचं त्याला, असं त्या म्हणायच्या. बाळाचे पेढे घेऊन कुणी आलं की पेढा ताटलीत तसाच राहायचा आणि चौकशी सुरू व्हायची. एकदा एक नवं जोडपं आलं. बापानं मोबाइलवर शोधलेलं नाव मोठ्या कौतुकानं सांगितलं. "संस्कृत आहे सिस्टरबाई. पहाटेचं पहिलं दव."

"असेल. तू पहाटे उठतोस?"

मग त्याची बायको हळूच म्हणाली, "कळा देताना जिनं माझा हात धरला होता ना, त्या मुलीचं नाव होतं हे. ह्यांना नंतर मोबाइलवर अर्थ सापडला." सिस्टरबाईंनी पेढा उचलला.

गल्लीतल्या बायकांना त्या नावानंच हाक मारायच्या. आमच्याकडे बाई एकदा आई झाली की चिंटूची आई होते आणि तशीच म्हातारी होते. सिस्टरबाई भर रस्त्यात ओरडायच्या, "ए अलका!" समोरच्या अलकाच्या सासूला ते झोंबायचं. "सुनेला असं रस्त्यात नावानं बोलवत्यात का?"

"मग कशानं बोलावू? शिट्टीनं?"

मला त्या आवडत असत आणि आमचं पटत नसे. तेव्हा मी एका छोट्या संघटनेसाठी पुस्तिका लिहीत होते, अजूनही लिहिते. छापून आलेली प्रत मी खाली नेऊन द्यायची. त्या चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या आणि विचारायच्या, "यात माणूस कुठं आहे?"

"सगळा समाज आहे, सिस्टरबाई."

"समाजाला ताप आला तर मी हात कुठं लावू?"

मी चिडून वर निघून जायची. जिन्यात मला उत्तरं सुचायची, ती मी पुढच्या पुस्तिकेत वापरायची.

मला दिवस गेले तेव्हा मी जाहीर करून टाकलं की पत्रिका काढायची नाही, पंचांगातलं अक्षर घ्यायचं नाही, नाव आम्ही ठरवू. मुलगी झाली तर समता किंवा मुक्ती. मुलगा झाला तर काय, हे मला कुणी विचारलंच नाही. ते नाव सासूबाईंकडे विंचूरला केव्हाच तयार होतं. माझी नावं ऐकून सिस्टरबाई म्हणाल्या, "हे बोर्ड झाले. पोरीच्या डोक्यावर बोर्ड लावणार का?"

"मूल्य आहे त्यात."

"मूल्य भाजीला असतं. कारण सांग."

मी बरंच बोलले. हजारो वर्षांची गुलामी, स्त्रीच्या वाट्याला आलेलं दुय्यमत्व, सगळं. त्या शेंगा सोलत ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "भाषण चांगलं झालं. कारण सापडलं की सांग."

मुलगी दिवस भरायच्या फार आधी आली. इतकी लहान की माझा पंजा तिच्या अंगावर ठेवला तर ती दिसेनाशी झाली असती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. नाकात नळी, छातीला तारा, पायाला पट्टी. पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. मला त्या अवस्थेतही ते बरं वाटलं. निदान इथं तरी बापाचं नाव नाही, आईचं आहे. यावर लिहिलं पाहिजे, असंही मनात आलं. माणूस कुठल्या वेळी काय विचार करतं!

मला घरी सोडलं, ती तिथंच राहिली. रोज सकाळी दूध काढायचं, उकळलेल्या बाटलीत भरायचं आणि रिक्षानं पूल ओलांडून दवाखान्यात न्यायचं. सिस्टरबाई बरोबर यायच्या. बाटलीची पिशवी त्या दोन्ही हातांनी धरून बसायच्या आणि रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याला नावानं दटावायच्या. त्याचं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. आत फक्त आईला सोडत. त्या बाहेर बाकावर बसून राहत. इतकी वर्षं आतल्या बाजूला असलेली बाई बाहेर बसलेली मला बघवत नसे.

सासूबाई विंचूरहून आल्या. कांद्याचा हंगाम सोडून आल्या होत्या. त्यांनी माझे पाय चेपले, डिंकाचे लाडू ठेवले आणि मग खाली बघत म्हणाल्या, "बाराव्या दिसाआधी नाव ठेवत नसत्यात, ते तुला म्हाईत हाय. पन आता बारावाबी नको धरायला. पोर घरी येऊ दे आधी. लय माया लावून घेऊ नको, बाई. माझी दोन अशीच गेली. नाव नव्हतं ठेवलं, म्हनून निभावलं."

एरवी मी यावर एक पुस्तिका लिहिली असती. त्या दिवशी मी म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नावाची काय घाई." नवऱ्यालाही मी समजावलं की नाव ही सामाजिक गोष्ट आहे, बाळाच्या प्रकृतीशी तिचा काही संबंध नाही. माझं म्हणणं शास्त्राला धरून होतं. सासूबाईंचं परंपरेला धरून होतं. दोघींचं म्हणणं एकच होतं.

बारावा दिवस तसाच गेला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी सिस्टरबाईंच्या स्वयंपाकघरात उभी होते. त्या पातेल्यात बाटल्या उकळत होत्या.

"आज कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बाळाचं वजन थोडं उतरलंय. श्वास मध्येच थांबतो म्हणाले."

"कुणाचा?"

"बाळाचा."

"तिथं खोलीभर बाळं आहेत. कुणाचा?"

"सिस्टरबाई, पट्टीवर माझं नाव आहे ना. बेबी ऑफ—"

"ते तुझं नाव झालं. तिचं कुठं आहे?"

मी म्हणाले, समता ठेवणार आहोत, घरी आली की.

"मग मार हाक. इथून मार. समता म्हण."

मी तोंड उघडलं, आवाज निघेना. पाणी खदखदत होतं. त्यांनी गॅस बारीक केला.

"निघत नाही ना? ते तिचं नाव नाहीच. खरं नाव दुसरंच आहे आणि ते तू लपवून ठेवलंयस. मी पुष्कळ बायका पाहिल्यात, मला कळतं."

मग त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पेठची गोष्ट सांगायला लागल्या. इतकी वर्षं त्यांच्या घरात राहून ती मी कधी ऐकली नव्हती.

नोकरीची सुरुवात होती. डोंगरातल्या एका पाड्यावरची बाई बाळंत झाली, मुलगी झाली. आई बरी होती, पोर अशक्त होती. दिवसभर आईजवळ, रात्री सिस्टरबाईंच्या कुशीत, अशी त्यांनी ती आठवडाभर जपली. बाराव्याच्या आत ती गेली. बापानं तिला फडक्यात गुंडाळलं. आई रडायला बसली. त्या भागात बाया रडतात त्या नाव घेऊन, गेलेल्याशी बोलत रडतात. बाईनं तोंड उघडलं, आणि ती थांबली. तिनं सिस्टरबाईंकडे बघितलं.

"ती मला म्हणाली, 'बाय, मी कोनाचं नाव घेऊन रडू?'" सिस्टरबाई सांगत होत्या. "एवढी रात्रंदिवस सांभाळली, पण मी पण तिला 'ए बाळ' म्हणत होते. ती बाई रडली नाही. तशीच उठून चालायला लागली. अजून चालतच असेल ती."

त्यानंतर त्यांच्या हातात आलेल्या प्रत्येक मुलीला त्यांनी पहिल्या आंघोळीतच नाव दिलं. कानाशी सांगायच्या, कुठं लिहायच्या नाहीत, घरच्यांना कळू द्यायच्या नाहीत. दिवे गेले आणि आयाबाईनं बॅटरी धरली, तर आयाबाईचं नाव. बाहेर कुणी अनोळखी बाई बाळंतिणीसाठी चहा घेऊन आली, तर तिचं नाव. कारणाशिवाय एकही नाही. बाराव्या दिवशी घरचे त्यांना हवं ते ठेवायचे.

"मग तुमचं नाव पुसलं जायचं," मी म्हणाले.

"जाऊ दे की. तोवर पोर उघडी नको."

"आणि मुलगे?"

"त्यांची नावं पाळण्याआधी तयार असतात. तुझ्या सासूकडे नव्हतं का?"

मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणाले, "पण हीसुद्धा एक अंधश्रद्धाच झाली, सिस्टरबाई. नावानं काय होतं?"

"असेल अंधश्रद्धा. मी काही थर्मामीटर लावून बघितलेलं नाही." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "आता सांग. कुठलं नाव आहे?"

मी खाली जमिनीवर बसले. सांगितलं, आईचं.

मी बारावीत असताना आई गेली. वडिलांच्या पत्रकांखाली निमंत्रकांची नावं असत, एकाखाली एक, सगळे पुरुष. ती पत्रकं भिंतींवर लागायची आईमुळे. पहाटे उठून ती मोठ्या डब्यात मैद्याची खळ शिजवायची, वडिलांच्या सायकलवर मागे बसून जायची आणि सातपूरच्या भिंतींना ब्रशनं खळ फासायची. तिच्या हातांना दिवसभर त्या खळीचा वास यायचा, तिच्या भाकरीलाही यायचा. एकाही पत्रकावर तिचं नाव कधी छापलं गेलं नाही. मी लिहायला लागले ते या रागातून. मुलगी झाली तर तिला आईचं नाव द्यायचं, हे मी लग्नाच्याही आधी ठरवलं होतं. समता, मुक्ती हे लोकांना सांगायला होतं.

"मग अडलंय कुठं?"

"त्या नावानं मी एकदा रडले आहे, सिस्टरबाई. त्याच नावानं परत रडावं लागलं तर मला नाही जमणार."

"म्हणजे जगली तर आईचं नाव. नाही जगली तर बेबी ऑफ."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते फार लागलं. मी म्हणाले, "घरी आल्यावर देईन ना. जपून ठेवलंय मी ते."

"भारी साडी ठेवतात तसं. लग्नाकार्यात नेसू म्हणून. आणि मग नेसायचीच राहून जाते." त्यांनी चिमट्यानं बाटली बाहेर काढली, फडक्यावर पालथी घातली. "बाळाचं पहिलं दुपटं कशाचं करतात गं?"

"जुन्या लुगड्याचं."

"का?"

"मऊ असतं म्हणून."

"कोरं टोचतं म्हणून. नावाचं पण तसंच आहे. कुणीतरी वापरलेलं असलं, कुणाच्या तरी अंगानं मऊ झालेलं असलं, की पोरीला टोचत नाही. तुझ्याकडे असं नाव आहे, आणि पोर तिकडे तारांमध्ये उघडी पडली आहे."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे पाठ करून, त्या म्हणाल्या, "खळ. चांगलं कारण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीच्या भोकातून हात आत घालून उभी होते. माझं एक बोट तिच्या मुठीत होतं. अचानक ती मूठ सैल पडली. यंत्र वाजायला लागलं. तिचा रंग बदलताना मला दिसत होता. ड्युटीवरची तरुण नर्स धावत आली आणि तिनं तळपायावर टिचकी मारली. एक. काही नाही. पुन्हा मारली. "बोला तुम्ही, ताई, बोलत राहा बाळाशी," ती मला म्हणाली.

मी काय बोलणार होते? आजवर तिच्याशी बोललेलं एकही वाक्य फक्त तिचं नव्हतं. ते शेजारच्या पेटीलाही चाललं असतं.

माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतंच. वडील पहाटे सायकल बाहेर काढून ओरडायचे ते होतं. "इंदू! खळ झाली का गं? इंदू! चल, उजाडलं!" मी ते त्या खोलीत ओरडले, एवढ्या मोठ्यानं की बाकीच्या आया दचकून बघायला लागल्या. "इंदू! ए इंदू!"

तिचं पोट हललं. मग छाती. यंत्र गप्प झालं.

श्वास टिचकीनं परत आला, नावानं नाही. हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन, आणि कुणी या गोष्टीचा चमत्कार केला तर त्याच्याविरुद्ध पत्रक काढीन. मी सांगते आहे ते एवढंच, की ती जात होती तेव्हा मला तिला हाक मारता आली. गेली असती तरी मारता आली असती.

थोड्या वेळानं ती ड्युटीवरची मुलगी दारातून म्हणाली, "इंदूची आई, दूध द्या." बायकांना अमक्याची आई म्हणू नका, असं मी दोन पुस्तिकांमधून लिहिलेलं आहे. त्या दिवशी ते शब्द ऐकून मी बाहेरच्या बाकावर सिस्टरबाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांच्या पांढऱ्या पदराला तोंड पुसलं. त्यांनी माझी नखं बघितली. "वाढलीत," म्हणाल्या.

इंदू घरी आली ती दोन महिन्यांची होऊन. सासूबाईंच्या समाधानासाठी मी बारसं करू दिलं. नणंदेनं कानात नाव सांगितलं तेव्हा सिस्टरबाई मागून म्हणाल्या, "सांगा, सांगा. तिला केव्हाच माहीत आहे." सासूबाईंनी नाव दोनतीनदा पुटपुटून बघितलं. "लय जुनं हाय," म्हणाल्या. मग अजून एकदा म्हणून बघितलं. "पन तोंडात बसतंय."

इंदू चालायला लागली त्या सुमारास सिस्टरबाईंची थोरली बहीण गेली. त्या विधी आटोपून परत आल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि ओसरीवर बसून राहिल्या. मी चहा नेला.

"मला नावानं हाक मारणारं शेवटचं माणूस गेलं," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. दवाखान्यात सिस्टर, गल्लीत सिस्टरबाई, भाच्यांना मावशी. घराच्या पाटीवरही आडनावच. गल्लीभर नावं वाटत फिरणाऱ्या या बाईचं नाव मी भाडेकराराच्या कागदावर एकदा वाचलं होतं आणि पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं. मी म्हणाले, "मी म्हणू का?"

"तुला जमायचं नाही. तुझ्या तोंडाला 'तुम्ही' चिकटलंय." त्यांनी इंदूला जवळ ओढलं. "हिला शिकवते."

त्यांनी तिला स्वतःचं नाव शिकवलं. नुसतं नाव. पुढं आजी नाही, बाई नाही. इंदू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून हाक मारायची, "ए अमकी! खाली काय करतेस? वर ये!" आणि खालून ती पांढरी म्हातारी "आले, आले" करत गुडघे धरून जिना चढायची. गल्ली हसली. अलकाची सासू तर म्हणाली, "शोभतं का हे? आजी म्हणायला शिकवा पोरीला."

"आज्या गल्लीत भरपूर आहेत," सिस्टरबाई वरून म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या घराचं दार उघडलं नाही. अलकानं माझ्याकडची जादा किल्ली नेली. त्या झोपेतच गेल्या होत्या. ओट्यावर रात्री उकळलेली भांडी फडक्यावर पालथी घातलेली होती.

भाचे यायचे होते. आम्ही सिस्टरबाईंना ओसरीवर ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. ज्यांना त्यांनी रस्त्यात नावानं हाका मारल्या होत्या त्या सगळ्या. अलकाच्या सासूनंच सुरुवात केली. "अहो सिस्टरबाई..." म्हणाली आणि तिचा आवाज तिथंच अडकला. दुसऱ्या कुणी प्रयत्न केला. तोही अडकला. हुद्द्याला निरोप देता येतो, त्याच्या नावानं रडता येत नाही. आम्ही सगळ्या भिंतीला टेकून नुसत्या बसलो होतो. मला पेठच्या त्या बाईची आठवण झाली. मला त्यांचं नाव माहीत होतं. ते माझ्या जिभेवर येत नव्हतं. त्यांनी सांगितलंच होतं, जमायचं नाही म्हणून.

इंदू जिना उतरून आली. चार वर्षांची पोर. ती त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. तिनं आधी हळू हाक मारली, झोपलेल्या माणसाला मारतात तशी. मग नेहमीची. मग तिनं मान वर करून, जिन्यावरून मारायची तशी, पूर्ण आवाजात मारली. नुसतं नाव.

मी तिला थांबवलं नाही.

अलकानं ते नाव उचललं. मग तिच्या सासूनं. मग ते सगळ्यांच्या तोंडी झालं, आणि बायका रडायला लागल्या, नाव घेऊन, तिच्याशी बोलत, "अशी कशी गेलीस गं" म्हणत. तिला कुणीच 'तुम्ही' म्हणत नव्हतं. मीसुद्धा नाही.

ते नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते तिनं एकाच माणसाला दिलं होतं, आणि त्या दिवशी ते आम्ही उसनं घेतलं.

विधी करायला गुरुजी आले. भाच्यानं नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. तीळ हातात घेण्याआधी गुरुजींनी नळाखाली हात कोपरापर्यंत धुतले. त्यांची नखं कापलेली होती.

परवा इंदूला झोपवत होते. तिला आता सगळ्यांच्या नावांची कारणं हवी असतात; तिचं स्वतःचं, खळीचं, ती रोज ऐकते आणि एखादा शब्द सुटला तर मला थांबवते. त्या रात्री तिनं सिस्टरबाईंचं नाव घेतलं आणि विचारलं, "तिचं नाव कुणी ठेवलं होतं? का?"

मी भाच्यांना फोन केले. त्यांना माहीत नाही. गल्लीत विचारलं. कुणालाच माहीत नाही. ती म्हातारी आम्हा सगळ्यांना कारण विचारत राहिली, आणि तिला विचारायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.